अकरावा परवाना

"या उंटिणीच्या दुधात गाईचं दूध मिसळलंय," तपासनीस बाई म्हणाल्या आणि परवान्यावर फुली मारली. यंदाची ही अकरावी.

समोर बसलेल्या उंटवालीने त्या फुलीकडे पाहिलं. "बाई, माझ्याकडे गायच नाही. तुम्ही ज्यांचं दूध पास करता, त्यांच्या गोठ्यात गाई आहेत. जरा बघा तरी."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तो चोर, वर शिरजोर. हे दूध जायचं ते आजारी लेकरांच्या तोंडी. गाईचं दूध घोटभर पोटात गेलं तरी त्यांच्या अंगावर गांधी उठायच्या, श्वास कोंडायचा.

"यंत्र खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या.

"मग माझ्या दारी या. तुमच्या हाताने धार काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई गेल्या. होऊन जाऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष. पिल्लू प्यायलं, उंटिणीने पान्हा सोडला, आणि बाईंनी गुडघ्यावर भांडं टेकवून स्वतः धार काढली. बाटलीला स्वतः सील लावलं. बर्फाची पेटी वाटभर मांडीवरून हलू दिली नाही. उंटवालीही प्रयोगशाळेत सोबत आली.

यंत्र पाच मिनिटं घरघरलं आणि लाल दिवा लागला. भेसळ.

बाईंनी पुन्हा तपासलं. पुन्हा लाल.

उंटवालीने रागाने विचारलं, "शुद्ध कुठलं, हे या यंत्राला सांगतं कोण?"

"शिकवावं लागतं. सुरुवातीला खात्रीचं दूध घालायचं. पुढे ते सगळं त्याच्याशी ताडून बघतं."

"आणि ते खात्रीचं कुठून आणलंत?"

बाईंनी वडिलांना फोन लावला. म्हाताऱ्याचा जन्म उंटांमागे गेला होता. दुधात कधी पाण्याचा थेंब घातला नाही, असं चारचौघांत नाव होतं.

"बाबा, मी नोकरीला लागले तेव्हा यंत्रासाठी तुमच्याकडून दहा लिटर दूध नेलं होतं. आठवतं?"

"न आठवायला काय झालं?" वडील कौतुकाने हसले. "साहेबांपुढे लेकीची मान खाली जायला नको म्हणून केवढी धावपळ केली मी. तू मागितलंस दहा लिटर, आणि उंटिणी सातावरच अडल्या. बरं तर बरं, शेजारी गाय व्यालेली होती."