काचेआडची पुस्तकं

रुद्राणीनं लेकीचे, शिवकन्याचे, हात आधी ओल्या फडक्यानं पुसले, मग कोरड्या. आज पुस्तक उघडायचं होतं.

गेल्या महिन्यापर्यंत ही जागा म्हणजे घरचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. आता दारावर कॉम्प्युटर क्लासची पाटी होती, आणि आत पाटोद्यातल्या लोकांनी अजून नीट न पाहिलेला कॉम्प्युटर. काल खंडेनवमीला तिच्या नवऱ्यानं, केदारनाथनं, तो पूजेला मांडला. पूजा सांगायला आलेल्या स्वामींनी पडद्याच्या कपाळी विभूतीची तीन बोटं ओढली. शेजारी जुना तराजू, अडकित्ता, आणि भिंतीला काचेचं नवं कपाट. कपाटात रुद्राणीची पुस्तकं.

पूजेतलं पुस्तक दसऱ्यापर्यंत उघडायचं नाही आणि दसऱ्याला पूजा उचलली की घरातल्या लेकरानं त्यातलं पान मोठ्यानं वाचायचं, ही या घरची रीत. गेल्या वर्षी ते दुसरीचं बालभारती होतं.

रुद्राणीची पुस्तकं लग्नात माहेराहून, अंबाजोगाईहून, लोखंडी पेटीतून आली, ती पेटीतच राहिली. यंत्रांनी माणसाचं काय केलं ते सांगणारं एक. खरं कशाला म्हणायचं यावर पानोपानी वाद घालणारं एक. आणि सगळ्यात जाड ते, यंत्राला विचार करता येईल का, याचं. गेल्या आठवड्यात केदारनाथनं आपणहून मागितली. "क्लासात लावतो. लोकांना कळू दे, आमच्या घरात कसली पुस्तकं हायत ते." आमच्या घरात, असं म्हणाला तो. तिनं प्रत्येक पुस्तक पदरानं पुसून दिलं होतं.

आणि खोक्यातून कॉम्प्युटर निघाला त्या दिवशी शिवकन्यानं विचारलं होतं, "आई, ह्यो विचार करतो का गं?"

रुद्राणीनं तिच्याकडं पाहिलं. पोर अजून विचारतेय. किती दिवस विचारेल, ही धास्ती तिला रोज असायची. "त्या जाड पुस्तकात आहे सगळं," ती म्हणाली होती. "दसऱ्याला तूच वाच."

आता दुकान माणसांनी भरलं होतं. फळवाले खाजामियाँ लेकाला, मुस्तकीमला, घेऊन नाव घालायला आलेले. सासूबाई, सावित्रीबाई, खुर्चीत बसून आपट्याची पानं वाटत होत्या.

रुद्राणीनं कपाटाची काच सरकवली आणि जाड पुस्तकाला हात घातला. पुस्तक येईना. तिनं जरा जोर लावला, तर अख्खी फळीच पुढं आली. फळीवर सरसानं चिकटवलेल्या पुस्तकांच्या पाठी. नुसत्या पाठी. मागं चार बोटं जागा आणि भिंत.

"अगं हळू, हळू!" केदारनाथ लगबगीनं आला, फळी आत ढकलत हलक्या आवाजात म्हणाला, "सुतारानं कपाट उथळ केलं. पुस्तकं मावंनात. म्हणलं, काचंतून पाठच दिसती, तेवढीच कापून लावू."

"आणि आतली पानं?"

"टाकली व्हय म्या? कॉम्प्युटरखाली हायत. पडदा लई खाली येत व्हता, पोरांच्या माना मोडल्या असत्या. आता बघ, बरोब्बर डोळ्यासमोर."

कॉम्प्युटरखाली लाल मखमलीत गुंडाळलेला चौथरा होता. काल तिनंच त्यावर हळद-कुंकू वाहिलं होतं.

"अहो, वरचं एवढं काढू द्या. पोरीला शब्द दिलाय."

"आत्ता? हालला तर बंद पडंल त्यो, एवढ्या लोकांत. ॲडमिशनं होऊ दे, मग बघू."

शिवकन्या मध्येच म्हणाली, "पप्पा, कॉम्प्युटर विचार करतो का?"

केदारनाथनं आवाज चढवला, सगळ्यांना जाईल असा. "सांगितलं तेवढं बिनचूक करतो. उलटून एक शब्द विचारत न्हाई."

"लई गुणाचा म्हणायचा," सावित्रीबाई पानं वाटता वाटता म्हणाल्या. "असली सून मिळाया पायजे व्हती."

दुकान हसलं. खाजामियाँ डोळ्यात पाणी येईस्तोवर हसले. रुद्राणीही हसली, नसती हसली तर त्याचंही काही निघालं असतं.

मग ती आपट्याचं पान ठेवायच्या निमित्तानं वाकली आणि मखमलीची कड उचलली. पानं वजनाखाली घट्ट बसली होती. तिनं नखानं एक ओढून पाहिलं. पान आलं नाही, कोपरा फाटून हातात आला. तो तिनं शिवकन्याला दिला.

शिवकन्यानं कागद दोन्ही हातांत धरला आणि शाळेत वाचतात तसं वाचलं, "म्हणून... मूळ प्रश्न... असा आहे की..."

कागद संपला.

"की काय, आई?"

तेवढ्यात, बराच वेळ कुणी हात न लावलेल्या कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. कुणीतरी 'गेला, गेला' म्हणालं. पण काळ्यातून एक हिरवी नळी निघाली, वळली, तिच्यातून लाल निघाली, मग पिवळी. नळ्या एकमेकींत गुंतत भराभर वाढत चालल्या. माणसं पुढं झुकली.

"अरे, हात तं कुनी लावला न्हाई," खाजामियाँ हळूच म्हणाले. "काय करतोय ह्यो, केदारशेठ?"

केदारनाथलाही ठाऊक नव्हतं. त्यानं एकवार खोक्यातून आलेल्या माहितीपत्रकाकडं पाहिलं, घसा खाकरला.

"विचार करतोय," तो म्हणाला.

खाजामियाँनी मुस्तकीमला पुढं ढकललं. "लिहा, याचं नाव लिहा पयलं."

शिवकन्यानं आईकडं पाहिलं. मग पडद्याकडं. कागदाचा तुकडा तिच्या बोटांतून सुटला, आणि मघाशी दोनदा पुसलेले ते हात तिनं कॉम्प्युटरसमोर जोडले.