मधली फांदी

रानगुलाबाची वीतभर फांदी कापली की ऐनारच्या वाट्याला बरंच काही येणार होतं: गावच्या वाचनालयातल्या फोटोंच्या प्रदर्शनात दाराशेजारची भिंत, जिथे तीन वर्षं प्रेबेनने टिपलेलं घुबड लटकत होतं, आणि शिवाय प्रेबेनचं पडलेलं तोंड. फांदी खर्चात धरायचं त्याला सुचलंच नाही. सकाळी नऊला त्याने ती कापली.

फोटो झकास आला. खाटीक पक्ष्याचं घरटं, चोचीत भुंगा धरलेला नर, खाली पाच उघडी लाल तोंडं. मध्ये एक पानही नाही.

अकराला ऊन फिरून थेट घरट्यावर आलं, आणि ती फांदी तिथे काय करत होती ते ऐनारला कळलं.

उघड्या अंगाची पिल्लं धापा टाकत होती. फोटोसाठी लपून बसायच्या तंबूतून तो धावत आला. फांदी बुटाच्या नाडीने जागेवर बांधली. पानं केव्हाच सुकली होती. झुडपावर जाकीट टाकलं, तर ते फडफडलं आणि मादी शेजारच्या तारेच्या कुंपणावर दोन खांब मागे सरकली. शेवटी तो स्वतःच उन्हाच्या आड उभा राहिला. मादी तारेवर बसून राहिली, चोचीत नाकतोडा.

बाराला बायको जेवणाचा डबा घेऊन आली.

"काय रे, फोटो झाला ना? मग असा झुडपासारखा काय उभा?"

"मी हललो तर ऊन लागतं, बोडिल. नाही हललो तर ती येत नाही."

"मग जा आत घटकाभर. भरवू दे तिला."

दोघं तंबूत शिरली. आला तो पाइनवरचा राखी कावळा. तोही सकाळपासून बघत होता. ऐनार ओरडत बाहेर पडला, तोवर एक पिल्लू गेलं होतं.

आता तो दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"किती वेळ?"

"ऊन उतरेपर्यंत."

"जून आहे, ऐनार. इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो."

त्याची नजर शेजारच्या फांदीकडे गेली.

"ती कात्री आधी इकडे दे," बोडिल म्हणाली.

"मग काय करू? सांग ना. काहीही सांग!"

तिने डोक्यावरची टोपी काढून घरट्यावर धरली.

तीनच्या सुमारास घरट्यातली हालचाल थांबली. ऐनारने हात खाली घेतले. दोघं तंबूत जाऊन बसली. बोडिलने कॅमेरा मागितला आणि पडद्यावर बोट ठेवून मोजलं. पाच.

"छान आलाय," ती म्हणाली. "मध्ये काहीच नाही."

समोर मादी तारेवरून उडाली, घरट्याच्या काठावर उतरली आणि नाकतोडा पुढे करून वाकून राहिली, एखादं तोंड उघडायची वाट पाहत.