ओठावरचं बोट

"आता येईल," नट पुटपुटला आणि खुर्चीत आणखी खाली सरकला.

"काय येईल?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

त्याच्या जुन्या चित्रपटाला तिकीट काढून आलेली तरुण मंडळी पहिल्या प्रसंगापासून हसत होती. सुटकेसएवढं बिनतारी यंत्र, पुठ्ठ्याचं विमानतळ. मिशी चिकटवताच त्याने रंगवलेल्या गुप्तहेराला सख्खी आई ओळखेनाशी होते, तेव्हा तर मागून शिट्टी आली. नटाला त्याचं काही नव्हतं. चित्रपट म्हातारा झाला होता, तोही झाला होता. धास्ती होती ती नव्या प्रतीची. ती इतकी स्वच्छ करून आणली होती की कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. आज बिंग फुटणार होतं.

पडद्यावर शत्रूचा सेनापती गरजला, "दोघांपैकी एकच वाचेल. कोण, ते तू ठरव!"

गुप्तहेराने ओठावर बोट टेकवलं आणि तो विचारात बुडाला.

त्या बोटावर नटाचं सगळं आयुष्य उभं होतं. समीक्षकांनी त्याला 'विचारी नायक' ठरवलं. गल्लीतली पोरं ओठावर बोट ठेवून फिरू लागली. लग्नाच्या फोटोतही फोटोवाल्याने हट्टाने ते बोट ठेवायला लावलं. पुढे तो न्यायाधीश झाला, डॉक्टर झाला, स्वतःचाच जुळा भाऊ झाला. निर्माते बजावायचे, "बाकी काहीही करा, बोट विसरू नका." विनोदी भूमिका त्याने मागून पाहिल्या. एवढ्या गंभीर माणसाला कोण देणार?

आता बोटाच्या कडेने मिशीचं सुटलेलं टोक लोंबताना स्पष्ट दिसत होतं. दिव्यांच्या झळीने डिंक सैल झाला होता आणि फिल्मचा साठा संपत आल्याने दिग्दर्शक पुन्हा चित्रण करायला तयार नव्हता. मिशी पडू नये म्हणून नटाने ती बोटाने दाबली होती. एवढंच. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही.

"अरे, मिशी पडतेय!" कुणीतरी ओरडलं. थिएटर हशाने दणाणलं.

नटाने डोळे गच्च मिटले. शेजारची खुर्चीही गदगदत होती.

"अहो," बायकोने डोळे पुसत विचारलं, "म्हणजे आपल्या लग्नाच्या फोटोत तुम्ही विचार करत नव्हता?"

"नाही गं."

"आणि मी इतकी वर्षं समजतेय, हिच्याशी लग्न करून चूक तर नाही ना केली, याचाच विचार चाललाय!"

नटाच्या तोंडून आधी खोकल्यासारखा आवाज निघाला. मग तोही हसत सुटला, अगदी पोट धरून.

खेळ संपल्यावर मंडळींनी त्याला बाहेर गाठलं. "सर, ती मिशी मुद्दाम तशी ठेवली होती ना?" एका मुलीने विचारलं.

"छे! डिंक हलका होता."

पुन्हा हशा. फोटोग्राफर पुढे घुसला. "सर, ते बोट! एकदाच!"

हात सवयीने वर गेला, ओठापाशी घुटमळला. मग नटाने त्या बोटाने सावकाश, अगदी समाधानाने, कान खाजवला.