कड्यावरचं निळं फूल

"जरा धर गं," म्हणत खोत सरांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि बूट उचलला. बुटाखाली, हिमालयातल्या त्या उघड्याबोडक्या कड्यावर, खडकाच्या फटीत बोटभर निळं फूल थरथरत होतं.

"सर, तुडवताय कशाला?"

"आपला फोटो झाला ना! आता दुसऱ्या कुणाला मिळता कामा नये."

म्हणजे गेल्या वर्षी मी धापा टाकत मागून पोचले, तेव्हा फूल चिरडलेलं दिसलं ते यांच्यामुळेच! वर मलाच म्हणाले होते, "नशीब असतं गं एकेकाचं." आणि त्याच फुलाच्या फोटोवर बक्षीस मिरवलं मेल्यानं.

मी हात दरीवर धरला आणि कॅमेरा सोडून दिला. सर किंचाळत कड्याच्या टोकाशी धावले.

"नशीब असतं, सर, एकेकाचं," म्हणत मी फुलापुढे गुडघे टेकले आणि माझा कॅमेरा काढला.