खोली दाखवा

दाराखालून धूर येत होता.

पर्यवेक्षिकेने चष्मा काढला, पुसला, परत घातला. धूर होताच. तिच्यासमोरच्या पडद्यावर सोळा चौकोन होते आणि प्रत्येकात आपापल्या घरी बसून परीक्षा देणारं एकेक माणूस. तिसऱ्या ओळीतल्या मुलीच्या पाठीमागे बंद दार होतं. त्या दाराच्या फटीतून करडं काहीतरी आत सरपटत होतं.

मुलगी खोकली. लगेच तिच्या चौकोनाला लाल कड आली आणि खाली नोंद उमटली: संशयास्पद आवाज, दुसरी ताकीद. तिसरी झाली की पेपर बाद. मुलीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तिची मान मागे वळायला निघाली आणि अर्ध्यावरच थांबली. तिला धुराचा वास आला असणार. पण पडद्यावरून नजर हटली की ताकीद, हे पेपर सुरू होण्याआधीच बजावलेलं असतं. शिवाय तिच्या क्रमांकापुढे लिहिलं होतं, ‘संधी: शेवटची’.

पर्यवेक्षिका पडद्यावर आणखी वाकली.

तसं तिचं काम बिनघोर. सासूबाई चारचौघांत सांगायच्या, "आमच्या सूनबाईंना परक्यांची तोंडं बघायचा पगार मिळतो." तिकडचा आवाज इकडे ऐकू येई, इकडचा तिकडे जात नसे. उमेदवाराला काही सांगायचं तर सात तयार वाक्यं होती, त्यातलं एक निवडून बटण दाबायचं. सरळ बसा. पडद्याकडे बघा. ओठ हलवू नका. हात दिसू द्या. दिवा लावा. खोली दाखवा. परीक्षा रद्द. आग लागलीय, पळा, असं आठवं वाक्य घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"सर, जरा लवकर या इकडे!"

साहेब चहाचा कप घेऊनच आले. "खोकतेय का? आता नवीन सुरू झालंय हे. बटणात कॅमेरा लपवतात. त्यातून एआय प्रश्न वाचतं आणि खोकलं की कानात उत्तर सांगतं."

"सर, धूर आहे तो. दारापाशी बघा ना."

"कॅमेऱ्याची काच मळली असेल. नाहीतर मागे खोटं चित्र लावलं असेल. ही पोरं आपल्याला कोळून प्यायलीत, मॅडम."

"तिचा फोन नंबर द्या. निदान पत्ता तरी द्या, मी फायर ब्रिगेडला कळवते."

"आपल्याकडे कुठला पत्ता? एकशे बेचाळीस नंबर, एवढंच." साहेबांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज जरा उतरला होता. "खोली दाखवायला सांगा. काय ते कळेल."

हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही! तिने बटण दाबलं. मुलगी दचकून उठली, लॅपटॉप छातीशी धरला आणि जागच्या जागी हळूहळू फिरू लागली. तिच्या खांद्यामागून कपाट सरकलं, पलंग सरकला, घट्ट लावलेली खिडकी सरकली. आता तिचं तोंड दाराकडे झालं असणार. बघ, पर्यवेक्षिका पुटपुटली, बघ गं बाई. मुलीचे डोळे क्षणभर वर गेले, विस्फारले. चौकोनाची कड इशाऱ्याची पिवळी झाली, तसे ते भीतीने पुन्हा पडद्यावर आले. ती फिरत राहिली. मग तिच्या मागे दार आलं. धूर आता दाराच्या चारी बाजूंनी येत होता.

मुलीने लॅपटॉप टेबलावर ठेवला. खुर्ची नीट केली, बसली आणि पुढचा प्रश्न वाचू लागली.

"अगं ऊठ!" पर्यवेक्षिका पडद्यावर हात आपटून ओरडली. शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली. पेपर आहे तोवर ही पोरगी उठायची नाही. पेपरच नसला तर उठेल.

"थांबा," साहेब म्हणाले. "शेवटची संधी आहे तिची. उद्या काही नव्हतंच असं निघालं तर?"

"तर माझी नोकरी घ्या."

तिने सातवं बटण दाबलं. चौकोन काळा झाला.

तिला हायसं वाटलं आणि पाठोपाठ रडूही आलं. एका फटक्यात आपण कुणाच्या तरी पोरीची शेवटची संधी बुडवली होती. बुडू दे. जीव तर वाचला.

"उठली असेल ना हो, सर?"

साहेब काळ्या चौकोनाकडे बघत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मॅडम," ते म्हणाले, "पेपर रद्द झाला की दाद मागायला दहा मिनिटं मिळतात. तिथंच बसून लिहायचं असतं."

दोघांनाही हे पाठ होतं. रोज दोनचार जण दाद मागायचेच. ते अर्ज इथे नुसते दिसत. उत्तर दुसरं खातं देई, तीन दिवसांत.

ती उभीच राहिली. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. अर्ज येऊ नये, एवढंच ती मनात घोकत होती.

तिसऱ्या मिनिटाला काळ्या चौकोनात अक्षरं उमटली.

‘माननीय महोदय, मी कॉपी केलेली नाही. खोकला खरा आहे, खोलीत धूर येत आहे. तरीही नियम म्हणून मी खिडकीसुद्धा उघडली नाही. कृपया माझा पेपर पुन्हा सुरू करावा. मी जागेवरून हललेली नाही.’