डाव्या हातातला प्रसाद

"अहो, उजवा हात करा. सत्यनारायणाचा प्रसाद आहे," सुगंधा नवऱ्यावर डाफरली. लवूने उजवा हात पुढे करायला घेतला खरा, पण तो पोटाशीच चिकटून राहिला. तळवा काही केल्या उताणा होईना. शेवटी त्याने गुपचूप डावा पुढे केला.

भांडुपच्या त्या छोट्या इस्पितळात आज पूजा होती आणि तातडीच्या विभागातही शिऱ्याचा वास दरवळत होता. लवू सकाळी उठला तो खांदा धरूनच. पलंगावरून पडलो असेन, म्हणाला. एक्स-रेत काहीच दिसलं नाही, तेव्हा त्याला हायसं वाटलं. दुपारी शाळेची बस काढायची होती. पोरं वाट बघतात.

डॉक्टर गार्गीची नजर मात्र त्या डाव्या हातावर अडकली. तिने शिरा बाजूला ठेवायला लावला, खांदा चाचपला आणि वेगळ्या बाजूने एक्स-रे काढवला. "खांदा मागे निखळलाय, काका. समोरच्या फोटोत हे लपून राहतं. भूल देऊन बसवू."

भूल चढली तसा लवू हलका झाला. आता आपलं लाडकं स्वप्न पडणार, त्याला वाटलं. आधी जळक्या सुंभाचा वास यायचा, मग खाडीची लाट त्याला उचलायची आणि पलीकडच्या काठावरून वारलेले बाबा हात हलवायचे. आज नुसतंच पाणी होतं. बाबा आले नाहीत. लवू झोपेतही हिरमुसला.

डोळे उघडले तेव्हा खांदा जागेवर बसला होता. "असा मागे खांदा निखळतो तो बहुतेक विजेच्या झटक्याने, नाहीतर फिट येऊन," गार्गी म्हणाली. "झोपेत काही होतं का ह्यांना?"

"स्वप्न पडतं ना," सुगंधा म्हणाली. "अंग थरथरतं, पलंग हलतो. सासरे दिसतात ह्यांना, म्हणून मी उठवत नाही."

"ती फिट आहे, ताई. औषधाने थांबेल."

म्हणजे बाबा आता दुसऱ्यांदा जाणार. लवूला भरून आलं. मग त्याने डाव्या हाताने खिशातली बसची किल्ली काढली आणि सुगंधाच्या हातात ठेवली.

"बाबा परवा सिग्नलला दिसले," तो म्हणाला. "भरदुपारी. गाडीत पोरं होती."