गर्दी नको असलेल्यांची रांग

"गर्दी नको. बाकी काहीही चालेल," खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, आणि मागच्या लांबलचक रांगेतल्या दोघा-चौघांनी माना डोलावल्या.

खिडकीतल्या बाईंना आता याचं हसूही येत नसे. डोंगरातल्या पायवाटांचं हे कार्यालय. जो तो गर्दी करून इथे येणार आणि गर्दी नसलेली वाट मागणार. भिंतीवरच्या मोठ्या नकाशात लांब पल्ल्याच्या वाटा वेगवेगळ्या रंगांत काढलेल्या होत्या. लाल वाटेवर मुक्कामाला पाय पसरायलाही जागा मिळत नव्हती, तरी सुट्ट्या लागल्या की सगळे तिकडेच धावत.

"काय करता आपण?" बाईंनी विचारलं.

"दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांची तोंडं बघून जीव विटलाय. आठवडाभर तरी माणसाचं तोंड दिसू नये."

डॉक्टरांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. खोटं बोलणारा माणूस वाटत नव्हता. बाईंनी काठी उचलून राखाडी रेघेवर टेकवली.

"ही घ्या. लांबची आहे, चढही दमवणारा आहे, पण वाटेत कुणी भेटणार नाही. फक्त बुधवारी निघा. मंगळवारी नको."

"का?"

"मंगळवारी पाण्याच्या टाक्या धुतात."

टाक्या कुणीच धुवत नव्हतं. मंगळवारी एक निवृत्त न्यायाधीश निघणार होते आणि गुरुवारी दोघी बहिणी. त्यांनाही माणसाचं तोंड बघायचं नव्हतं. बाई सगळ्यांना असं एकेका दिवसाच्या अंतराने सोडत. पुढचा मागच्याच्या दृष्टीस पडत नसे, आणि प्रत्येकाला वाटे, अख्खा डोंगर आपल्या एकट्याच्या मालकीचा.

ही हातचलाखी उगाच नव्हती. राखाडी वाटेच्या टोकाला शेवटचा निवारा होता आणि त्याचे राखणदार म्हणजे बाईंचे वडील. हंगामात पुरेसे मुक्काम झाले नाहीत तर निवारा बंद, असा नियम होता. आई गेल्यावर खालचं घर वडिलांना खायला उठलं होतं. "मला आपलं वरच बरं वाटतं," असं म्हणून ते गेले, ते तिथलेच झाले. निवारा बंद पडला तर बाबा कशाच्या आधाराने जगतील, ही धास्ती बाईंची पाठ सोडत नसे. शिवाय ही खिडकीसुद्धा त्यांना त्या वाटेमुळेच मिळाली होती. राखणदाराची मुलगी, वाटेचा दगडन् दगड ठाऊक, म्हणून तर साहेबांनी घेतलं. तेव्हा बाबांनी भेटेल त्याला थांबवून ते सांगितलं होतं.

"शेवटच्या निवाऱ्याच्या राखणदारांना एवढं द्याल?" बाईंनी गुडघ्याचा पट्टा आणि चहाची पुडी डॉक्टरांपुढे केली. नातं सांगितलं नाही. आपल्याच माणसाकडे गिऱ्हाइकं वळवते, असं साहेबांच्या कानावर गेलं असतं तर पंचाईत झाली असती.

रविवारी कार्यालयातल्या वायरलेसवर बाबांशी बोलणं होई.

"माणसं येतात ना, बाबा?"

"येतात की. रोज कुणी ना कुणी असतं."

"बोलायला सोबत झाली."

"हो तर. तुझी खिडकी चालू आहे ना?"

"चालू आहे. रांग असते."

"मग झालं तर."

"गुडघे काय म्हणतात?"

"आहेत जागच्या जागी."

बाईंचे यजमान दूरच्या बंदरात नोकरीला होते. त्यांचा फोन आला की एकच पालुपद. "यंदा तरी बदली माग. माझ्या हातचं खाऊन मी वाळलोय."

"एवढा हंगाम जाऊ दे," बाई म्हणत. गेल्या वर्षीही त्या हेच म्हणाल्या होत्या.

त्यांना जायचं होतं. फार जायचं होतं. त्याच खुर्चीचा, त्याच प्रश्नाचा, स्वतःच्याच गोड आवाजाचा त्यांना शिसारी येईल इतका कंटाळा आला होता. पण इथे नवा माणूस बसला की येईल त्याला लाल वाटेवर पिटाळून मोकळा होणार, मग वर काळं कुत्रंही फिरकायचं नाही.

पुढच्या आठवड्यात साहेब टेबलापाशी येऊन उभे राहिले. "बाई, बदलीच्या यादीचा आज शेवटचा दिवस. तुमचं नाव घालू?"

"नको साहेब. यंदा राहू दे."

साहेब गेल्यावर त्यांनी क्षणभर टेबलावर डोकं टेकलं. मग रांगेतून कुणीतरी खोकलं, तशा त्या सावरून बसल्या.

दोन दिवसांनी दातांचे डॉक्टर हजर. चेहरा रापलेला, डोळ्यांखालचं काळं गेलेलं. खास आभार मानायला आले होते.

"भेटलं नाही ना कुणी?" बाईंनी विचारलं.

"चिटपाखरूसुद्धा नाही. फक्त तुमचे राखणदार. त्यांचं तोंड मात्र बघावंच लागलं. दाढ ठणकत होती म्हाताऱ्यांची. माझ्याकडे थोडं औषध होतं, ते लावलं. मग रात्री बोलत बसलो."

"मजेत आहेत ना पण? तिथे रमलेत ते."

"कसले रमलेत! गुडघे पार गेलेत. रोज नवा पाहुणा, रोज त्याच गप्पा. म्हणाले, माणसांचा वीट आलाय, डॉक्टर. खाली धाकट्या भावाने केव्हाची एक खोली रिकामी करून ठेवलीय त्यांच्यासाठी. मी म्हटलं, मग उतरत का नाही?"

बाईंच्या हातातली काठी राखाडी रेघेवर तशीच राहिली. "काय म्हणाले?"

"म्हणाले, 'माझ्या पोरीची नोकरी या वाटेवर आहे. ती बदली मागत नाही, तोवर मला कुठलं उतरता येतंय?'"